शिबिरात सही करण्याआधी: सीमाभागात कृत्रिम पाय, श्रवणयंत्र आणि तीनचाकीसाठी सरकारी पैसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. वडील ५८ वर्षांचे. साखरेच्या आजारामुळे चार महिन्यांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, ऑपरेशन कोल्हापुरात झालं. भाची ९ वर्षांची, मराठी शाळेत चौथीला, दोन्ही कानांनी कमी ऐकते. आधार, रेशन कार्ड सगळं कर्नाटकाचं. पाय, श्रवणयंत्र आणि जमलं तर बॅटरीवरची तीनचाकी कुठल्या सरकारकडं मागायची? कन्नड फॉर्मचं काय करायचं? आणि गावच्या तरुण मंडळाला सरकारी निधीतून असं केंद्र काढता येईल का?

"पुढच्या महिन्यात शिबिर आहे, आधार घेऊन जावा, मिळेल ते घेऊन यावा" असा सल्ला तुम्हाला एव्हाना चार जणांनी दिला असेल. तो तसाच ऐकू नका. आपल्याकडं शिबिरांत जी मोफत उपकरणं वाटली जातात, त्यांतली बहुतेक केंद्राच्या एडिप योजनेतून (अपंगांना उपकरणं देणारी योजना) येतात, मग बॅनरवर फोटो कुणाचाही असो. ही योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यात एक अट आहे: त्याच कामासाठी गेल्या तीन वर्षांत कुठूनही मदत घेतलेली नसावी. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची. 'कुठूनही' या शब्दात राज्य सरकार आलं, दुसरं शिबिर आलं, सगळं आलं. वडिलांचा स्टंप, म्हणजे उरलेला पाय, अजून सुजलेला असताना शिबिरात माप दिलं, चार महिन्यांनी पाय हातात आला, तोवर सूज उतरली आणि सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो पोकळ भाग, खुळखुळायला लागलं, तर तो पाय माळ्यावर जातो. कागदावर मात्र लाभार्थीला लाभ मिळालेला असतो आणि पुढची तीन वर्षं नवा पाय नाही. सरकारकडं पैसा नाही असं नाही. चुकीच्या वेळी, चुकीच्या मापाची वस्तू घेऊन आपणच आपलं दार बंद करतो.

कोणतं सरकार

एडिप केंद्राची, त्यामुळं बेळगाव आणि चंदगड यांत नियमाचा काही फरक नाही. फरक शिबिराचा आहे. शिबिरं जिल्हावार किंवा मतदारसंघवार लागतात आणि टेबलावर पत्ता बघतात. बेळगाव जिल्ह्याचं आधार घेऊन कोल्हापूरच्या शिबिरात गेलात तर बहुधा परत पाठवतील. महाराष्ट्राच्या राज्य योजनांना तिथला रहिवास लागतो, त्या धरू नका. ८६५ सीमागावांसाठी महाराष्ट्रानं जाहीर केलेली महात्मा फुले आरोग्य योजना दवाखान्यातल्या उपचाराची आहे. पाय किंवा श्रवणयंत्राची ती वाट नव्हे.

कोल्हापूरचे कागद मात्र फुकट जात नाहीत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ५८ प्रमाणे अपंगत्वाचं प्रमाणपत्र देशभर चालतं. नियमांनुसार अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, किंवा जिथं उपचार चालू आहेत त्या दवाखान्यातही. तरी माझं मत असं, की अर्ज बेळगावातूनच करा. पुढं नूतनीकरण, नाव दुरुस्ती, हरवलेलं कार्ड यासाठी दर वेळी निपाणी ओलांडून जायचं कशाला? कोल्हापूरचं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट यांच्या झेरॉक्स फाइलला लावा. एक गोष्ट अजिबात करू नका: दोन्हीकडं अर्ज. एकाच आधारवर दोन अर्ज दिसले की दोन्ही अडकतात.

यूडीआयडी (अपंगांचं ओळखपत्र) आणि टक्क्यांचं गणित

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवरून मिळतं. जुनं हस्तलिखित प्रमाणपत्र असेल तर तेही त्यात चढवून घ्यावं लागतं. अर्ज ग्राम वन केंद्रात, म्हणजे गावातल्या सरकारी सेवा केंद्रात, भरून मिळतो. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि दवाखान्याचे कागद स्कॅन होतात, एक नोंदणी क्रमांक मिळतो. मग बेळगावच्या बिम्स जिल्हा रुग्णालयात तपासणी. जायच्या आधी त्या विभागाचा तपासणीचा वार विचारून घ्या. हाडांचा, कानांचा, डोळ्यांचा वार वेगवेगळा असतो, आणि पाय काढलेल्या माणसाला खानापुराहून दोनदा आणणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

नावाचं आधी बघा. आपल्या भागातलं हे सगळ्यात मोठं दुखणं आहे. शाळेच्या दाखल्यावर मराठीत 'लक्ष्मण', रेशन कार्डावर कन्नडमध्ये एक, आधारवर इंग्रजीत 'लक्ष्मण'चं तिसरंच स्पेलिंग आणि बँकेत आडनाव आधी. यूडीआयडी आधारवरचं नाव उचलतं. म्हणून आधी आधार दुरुस्त, मग बँक, मग बाकी सगळं. उलट क्रमानं गेलात तर प्रत्येक कागद दोनदा काढावा लागतो.

एडिपला किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. गुडघ्याखाली पाय काढलेला असेल तर उरलेल्या भागाच्या लांबीप्रमाणं साधारण ६० ते ७० टक्के मिळतात, म्हणजे वडिलांचा प्रश्न नाही. पण साखरेच्या रुग्णांत नुसती बोटं काढलेले पुष्कळ असतात. अंगठ्याचे १० टक्के, पायाची सगळी बोटं गेली तरी २० टक्के. ४० ची रेघ ओलांडली जात नाही. अशांनी एजंटाला पैसे देऊन टक्के 'वाढवून' घेण्याच्या नादाला लागू नये. पुनर्तपासणीत कार्डही जातं आणि वर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

कानाचं माप निराळं आहे. कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे 'कमी ऐकू येणारा' आणि ७० च्या वर 'बहिरा'. एकच कान गेला असेल, किंवा दोन्ही कानांत ४५ डेसिबल घट असेल तर मूल वर्गात मागं पडतं, पण प्रमाणपत्र मिळत नाही. भाचीचा ऑडिओग्राम हातात घेऊन ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आकडे बघा, सरासरी काढा. म्हणजे तपासणीला जाण्याआधीच आपण कुठं उभे आहोत ते कळेल.

उत्पन्न

महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर उपकरणाची पूर्ण किंमत सरकार भरतं. २२,५०१ ते ३०,००० असेल तर निम्मी. नाडकचेरीचा (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) उत्पन्नाचा दाखला वर्षाच्या आकड्यात असतो, म्हणून डोक्यात २,७०,००० आणि ३,६०,००० हे आकडे ठेवा. भाचीसाठी आई-वडिलांचं उत्पन्न धरतात, मामाचं नाही. त्यामुळं दाखला तिच्या वडिलांच्या नावाचा हवा. शिबिरात बीपीएल कार्ड बहुधा चालतं. तरी आरडी क्रमांक (दाखल्याचा नोंद क्रमांक) असलेला नाडकचेरीचा दाखला सोबत असला की कुणी वाद घालत नाही. सेवासिंधूवरच्या (कर्नाटकाचं ऑनलाइन पोर्टल) राज्याच्या अर्जात तोच आरडी क्रमांक घालतात.

वडील उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत किंवा कारखान्यात ईएसआयमध्ये (कामगार विमा योजनेत) होते का, हे नक्की तपासा. विमाधारकाला ईएसआयकडून कृत्रिम अवयव मिळतो आणि तो मार्ग शिबिरापेक्षा चांगला, कारण तिथं दुरुस्तीसाठी परत जाता येतं. अनेकांना हे माहीतच नसतं, पगारातून पैसे मात्र वर्षानुवर्षं कापलेले असतात.

पाय: घाई कुठं करायची नाही

जखम पूर्ण भरली, टाके निघाले, स्राव नाही, एवढ्यानं माप द्यायची वेळ येत नाही. सूज स्थिर व्हावी लागते. घरी करायची परीक्षा सोपी आहे. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकापासून १० सेंटीमीटर खाली पेनानं खूण करा आणि दर रविवारी सकाळी उठल्या उठल्या त्याच खुणेवर घेर मोजून कॅलेंडरवर लिहा. लागोपाठ तीन आठवडे आकडा अर्ध्या सेंटीमीटरच्या आत राहिला की स्टंप तयार झाला असं समजायला हरकत नाही. आकडा अजून उतरत असेल तर शिबिर सोडून द्या; पुढचं येतं.

सूज उतरवण्यासाठी ४ इंची क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधतात. टोकाशी घट्ट, वर गुडघ्याकडं सैल. गोल गोल गुंडाळलं तर दोरीनं आवळल्यासारखं होतं आणि टोक आणखी सुजतं. ही चूक घरोघरी होते. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायचं, आणि साखरवाल्याच्या बाबतीत प्रत्येक वेळी कातडीचा रंग बघायचा. दुसरी चूक मायेपोटी होते: गुडघ्याखाली उशी ठेवणं. त्यानं गुडघा वाकलेला राहतो, आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्यावर चांगला पायही नीट बसत नाही. खुर्चीत बसताना मांडीखालून पुढं आलेली फळी ठेवा म्हणजे पाय सरळ राहील. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपू द्या.

पाय कुठला मागायचा? शिबिरात सहसा हे विचारत नाहीत, पण तुम्ही सांगा. सॅच प्रकारच्या (घोट्याला सांधा नसलेल्या) पावलाला ठरावीक टाचेचा बूट लागतो. बूट बदलला की चाल बिघडते. जयपूर फूट रबराचं, अनवाणी चालतं, उकिडवं बसण्यापुरतं वाकतं. खानापूरकडच्या भाताच्या खाचरात आणि लाल चिखलात उतरणाऱ्या माणसाला तेच सोयीचं. चिखलातून आल्यावर धुवावं आणि सावलीत वाळवावं, मात्र सॉकेटच्या आत पाणी राहू देऊ नये. एडिपचा पाय बहुधा कानपूरच्या एलिम्कोकडून येतो (केंद्र सरकारची ही कंपनी १९७२ ची, बेंगळुरूलाही तिचं उत्पादन केंद्र आहे). मापाचं शिबिर एक आणि वाटपाचं दुसरं, मधे काही महिने जातात. हुबळीच्या महावीर लिंब सेंटरसारख्या ठिकाणी माप घेणारा आणि पाय बसवणारा माणूस एकाच छताखाली असतो. माझ्या मते पहिला पाय अशाच ठिकाणी घ्यावा, मग तो सरकारी योजनेतून असो की धर्मादाय. पहिल्या वर्षात तीन-चार फेऱ्या होतातच, आणि हुबळीला खानापुराहून रेल्वे आहे.

पहिल्या वर्षात स्टंप आणखी बारीक होतो. त्यासाठी मोजे देतात, ३ प्लाय आणि ५ प्लायचे. सकाळी एक, दुपारी सैल वाटलं तर आणखी एक. मोज्यांची जाडी एकूण १० ते १५ प्लायच्या वर गेली की मोजे वाढवणं थांबवा आणि सॉकेट बदलून मागा. अर्जात 'नवा पाय' लिहू नका, 'सॉकेट बदल व दुरुस्ती' लिहा. नवा पाय म्हटलं की तीन वर्षांची अट आडवी येते, दुरुस्तीला ती येत नाही. आणि उजवा पाय! रोज रात्री आरशात तळवा बघायचा, मऊ एमसीआर रबराची चप्पल घालायची. साखरेत दुसरा पायही जाऊ शकतो, ही भीती उगाच नसते.

श्रवणयंत्र: यंत्र चालतं, साचा बसत नाही

कान वाहत असेल तर आधी ते थांबवा. वाहत्या कानात साचा, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा भाग, घातला की संसर्ग आत कोंडतो. मग प्युअर टोन तपासणी. मूल नीट प्रतिसाद देत नसेल तर बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी. बोललेले शब्द कळतात का याची तपासणी करताना तपासणारा कन्नड शब्द वापरत असेल तर तिथंच थांबवा आणि मराठी शब्दयादी मागा. मराठी घरातल्या मुलीला कन्नड शब्द कळले नाहीत तर तो कानाचा दोष नाही, पण कागदावर तसाच उतरतो. बोलण्याच्या थेरपीचंही तेच: घरची भाषा मराठी तर थेरपी मराठीत. 'दोन भाषांनी मूल गोंधळतं, घरात कन्नडच बोला' असं कुणी सांगितलं तर मान डोलवून घरी या.

दोन्ही कानांत घट आहे, तर यंत्रं दोन मागा. एकच मिळालं तर आवाज कुठून आला ते कळत नाही आणि वर्गाच्या गोंगाटात शिक्षकाचं बोलणं वेगळं काढता येत नाही. प्रत्येक कानाचा साचा त्याच कानाच्या मापाचा हवा. शिबिरात पुष्कळदा तयार रबरी टोक लावून देतात. ते सैल बसतं, आवाज गळून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. मुलं शिट्टीला लाजून यंत्र दप्तरात टाकतात. वाढत्या वयात कान मोठा होतो, म्हणून साचा साधारण वर्षाला बदलावा लागतो. साच्याला जोडणारी पारदर्शक नळी पिवळी, कडक झाली की बदलायची; तीन ते सहा महिने टिकते.

सेल कुठला ते पट्टीच्या रंगावरून कळतं: १३ नंबर नारिंगी, ३१२ तपकिरी, ६७५ निळा. पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच सेल बसवा, कारण तो हवेवर चालतो. एक सेल दीड-दोन आठवडे जातो, म्हणजे दोन कानांना वर्षाला पन्नास-साठ सेल. सरकार यंत्र देतं. सेलची तजवीज कुणी विचारत नाही, आणि यंत्र बंद पडायचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूरच्या पावसात दुसरं कारण येतं: दमट हवा. रात्री सेलचं झाकण उघडून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले. तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत वाळवा. नळीत पाण्याचा थेंब दिसला तर फुंकर मारून काढा, सुईनं नाही.

भाची शाळेत आहे, म्हणून तिला दुसरं दारही उघडं आहे, आणि माझ्या मते तेच आधी ठोठवावं. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागं वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद असते. मुलींना शिवाय महिना २०० रुपये भत्ता, दहा महिने. शाळा मराठी माध्यमाची असली तरी त्यात फरक नाही. खानापूरच्या बीआरसीत (शिक्षण खात्याच्या तालुका संसाधन केंद्रात) बीआयईआरटी, म्हणजे समावेशक शिक्षणाचे शिक्षक, असतात. मुख्याध्यापकांनी मुलीचं नाव विशेष गरजांच्या यादीत घातलं आहे का, एवढंच आधी विचारा. नाव नसेल तर पुढचं काहीच होत नाही. शाळेच्या मार्गानं होणाऱ्या मोजणी शिबिरांत उपकरणाचा ६० टक्के खर्च एडिपमधून आणि ४० टक्के शिक्षण खात्याकडून येतो. नऊ वर्षांच्या मुलीला कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशननं कानाच्या आत बसवायचं यंत्र) सुचवणारे भेटतील. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी एडिपमध्ये त्याची वयोमर्यादा ५ वर्षांची आहे. थोडंफार ऐकणाऱ्या मुलीला आधी नीट बसवलेली यंत्रंच हवीत.

तीनचाकीचं

एडिपमधून बॅटरीवरची तीनचाकी १६ वर्षांवरच्यांना मिळते, पण ८० टक्के अपंगत्व आणि तीन-चार अवयव किंवा अर्धं अंग निकामी असेल तर. त्यासाठी मदत ५०,००० रुपयांपर्यंत. वडिलांचा एक पाय गुडघ्याखाली गेला आहे. ते यात बसत नाहीत, आणि बसूही नये. चालता येणाऱ्या माणसाला तीनचाकीची सवय लागली की पाय कोपऱ्यात पडतो. राज्याच्या विकलचेतन (अपंगांसाठीचा कन्नड सरकारी शब्द) सबलीकरण खात्याकडून जास्तीची चाकं जोडलेली दुचाकी मिळते. तिचा अर्ज सेवासिंधूवर असतो आणि लायसन्स लागतं, पण पाय बसून चाल स्थिर होईपर्यंत तिचा विचार नको. गावात दुसऱ्या कुणाला बॅटरी तीनचाकी मिळाली असेल तर त्यांना एवढं सांगा: पावसाळ्यात गाडी वापरली नाही तरी आठवड्याला एकदा चार्ज करा. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे बसतात, आणि दसऱ्याला गाडी बाहेर काढली की ती अर्धा किलोमीटरही जात नाही.

कन्नड फॉर्म आणि कुणाला भेटायचं

पेन्शन, म्हणजे आपण ज्याला 'अंगविकल वेतन' म्हणतो, ते तहसीलदार ऑफिसकडं. उपकरणं जिल्हा विकलचेतन कल्याण अधिकाऱ्यांकडं. लोक पहिल्या खिडकीवर दुसरं मागतात आणि 'होत नाही' असं उत्तर घेऊन परततात. तालुक्याला एमआरडब्ल्यू आणि ग्रामपंचायतीला व्हीआरडब्ल्यू हा पुनर्वसन कार्यकर्ता असतो, बहुधा स्वतः अपंग. त्याचं मानधन तुटपुंजं असतं, पण शिबिराची तारीख त्यालाच आधी कळते. पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) त्याचा नंबर घ्या.

फॉर्म कन्नडमध्ये असला तरी शब्द दहा-बाराच असतात. 'अर्जिदारर हेसरु' म्हणजे अर्जदाराचं नाव, 'तंदेय हेसरु' वडिलांचं, 'विळास' पत्ता, 'वार्षिक आदाय' वर्षाचं उत्पन्न, 'अंगविकलतेय प्रमाण' टक्के. जो रकाना दुसऱ्याला भरू द्यायचा नाही तो 'ई हिंदे सौलभ्य पडेदिद्दीरा', म्हणजे यापूर्वी लाभ घेतला आहे का. इथं घाईत कुणी 'हौदु' वर टिक केली की अर्ज तिथंच संपतो. घेतला नसेल तर 'इल्ल'. घेतला असेल तर खरं लिहा आणि तारीख लिहा, कारण आधारवर ते दिसतंच. अर्ज दिल्यावर 'स्वीकृती', म्हणजे पोचपावती, घेतल्याशिवाय हलू नका. मापाच्या शिबिरात मिळालेली चिठ्ठीही जपा. वाटपाच्या दिवशी तीच मागतात, आणि तिच्यावर घरात कायम चालू असणारा मोबाइल नंबर द्या.

मंडळाचा विचार

संस्था म्हणून केंद्राकडून अनुदान घेता येतं, पण त्यासाठी दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी, नीती आयोगाचा दर्पण क्रमांक, लेखापरीक्षित हिशेब, प्रशिक्षित माणसं आणि मग जिल्ह्याची तपासणी असं सगळं लागतं. नव्या मंडळाची पहिली काही वर्षं कागदांतच जातील. त्याऐवजी दुरुस्तीचं काम काढा. उपकरणं वाटणारे पुष्कळ आहेत, दुरुस्त करणारा कुणी नाही.

त्याला पैसा गावातच आहे. कर्नाटकात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी ठेवायचे असतात, आणि वर्षातून एकदा विकलचेतनांची समन्वय ग्रामसभा घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी हे पैसे वर्षाच्या शेवटी घाईघाईत ब्लँकेट वाटून संपवले जातात. समन्वय सभेत लेखी मागणी द्या, तीही नेमकी: अमक्याच्या श्रवणयंत्राचे वर्षाचे ६० सेल, अमक्याच्या व्हीलचेअरचे दोन टायर-ट्यूब, चार कुबड्यांचे रबरी बूट. 'अपंगांसाठी मदत करावी' अशा मागणीचा ठराव होतो, खर्च होत नाही. ठरावाची नक्कल घ्या. दिली नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज.

सामान फार लागत नाही. हाताच्या तीनचाकीची चेन, फ्रीव्हील, स्पोक, छर्रे सायकलच्या दुकानात मिळतात. व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकांत केस आणि सुतळी गुंडाळली जाते, त्यानं चाक जाम होतं. पाना आणि ग्रीस एवढंच काम. कुबडीचा बूट झिजून आतली नळी दिसायला लागली की तो शहाबादी फरशीवर घसरतो, आणि पडून खुब्याचं हाड मोडलं तर बरी झालेली माणसं पुन्हा अंथरुणाला खिळतात. घरात रॅम्प करायचा असेल तर उंचीच्या बारा पट लांबी: दीड फूट जोत्याला १८ फूट. एवढी जागा नसेल तर वळण घेऊन दोन तुकड्यांत करा, पण चढ वाढवू नका.

वाटपाच्या दिवशी

मंडप, भाषणं, फोटो यांच्या गर्दीत वस्तू हातात ठेवून सही मागतील. वडिलांना पाय घालून सावकाश वीस मिनिटं चालवा, मग पाय काढून मोजा उतरवा आणि कातडी बघा. लाली पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली, किंवा हाडाच्या टोकावर असली, तर सॉकेट चुकलं आहे. साखरेत दुखत नाही म्हणून 'दुखतंय का' या प्रश्नाच्या उत्तरावर जाऊ नका. भाचीच्या कानात यंत्र घालून तिला पाठमोरी उभी करा, तीन पावलांवरून तिचं नाव घ्या, मग जबडा हलवायला सांगा. शिट्टी आली तर साचा चुकला. तंत्रज्ञ तिथंच उभे असतात, पाचला सामान बांधतात, म्हणून रांगेत शक्य तेवढे पुढं राहा. बसत नसेल तर वस्तू घेऊन घरी बघू असं करू नका. पावतीवर सहीच्या वर स्वतःच्या हातानं 'माप जुळत नाही, दुरुस्तीसाठी परत' असं लिहा, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. टेबलावरच्याला मराठी वाचता येत नसेल तर सांगा: अळते सरि इल्ल.